आई-बाबा राहायला आले की घरातली झाडं पिवळी का पडतात: फिनिक्सच्या वाळवंटातल्या कुंड्या आणि खान्देशी हात

समस्या अशी. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर किंवा शहाद्याहून आई-वडील तीन-चार महिन्यांसाठी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात मुलाकडे नाहीतर लेकीकडे जातात. घरभर कुंड्या असतात: मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी, मॉन्स्टेरा, पीस लिली, फिडल लीफ फिग, खिडकीपाशी कॅलाथिया. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मनी प्लांटची खालची पानं पिवळी पडू लागतात, स्नेक प्लांट बुडाशी मऊ होतो, कॅलाथियाच्या कडा करपतात आणि स्वयंपाकघरात चिलटं दिसू लागतात. पुढच्या भेटीत पुन्हा तेच. मुलं म्हणतात पाणी जास्त झालं. आई-वडील म्हणतात, माती तर वरून कोरडी ठणठणीत होती आणि बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन होतं.

दोघंही खरं सांगत असतात. चुकतं ते निदान. बाहेरच्या उन्हावरून आतल्या कुंडीचं पाणी ठरवलं जातं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो.

खान्देशात बरोबर, तिथे चूक, असं का

मे महिन्यात भुसावळच्या अंगणातल्या तुळशीला रोज, कधी दोनदा पाणी लागतं, यात शंकाच नाही. मातीची कुंडी चहूबाजूंनी पाणी सोडते, गरम झळा पानांतून पाणी ओढून घेतात आणि ऊन सहा-आठ तास थेट अंगावर असतं. फिनिक्सचं घर आतून वेगळं असतं. एसी २५-२६ अंशांवर लावलेला, वारा नाही, उजेड एकाच बाजूने आणि तोही काचेतून गाळून आलेला. कुंडी प्लॅस्टिकची किंवा चकचकीत चिनी मातीची, म्हणजे बाजूंनी पाणी उडत नाही. झाड पाणी पितं ते उजेडाच्या हिशोबाने. उजेड कमी तर अन्न कमी तयार होतं, वाढ कमी होते आणि पाण्याची गरजही कमी होते. बाहेर ४६ अंश असोत की ३०, सोफ्यामागच्या कुंडीला ते कळत नाही.

मग माती वरून लगेच का सुकते? कारण हवा फार कोरडी असते. फिनिक्सला वर्षभरात जेमतेम १८० मिलिमीटर पाऊस पडतो (जळगावला सातशेच्या आसपास), आणि जूनमध्ये दुपारी बाहेरची आर्द्रता अनेकदा दहा-पंधरा टक्क्यांवर येते. एसीमुळे घरातली हवाही कोरडीच राहते. त्यामुळे वरची दोन-तीन सेंटिमीटर माती दोन दिवसांत पांढुरकी पडते आणि खाली मुळांपाशी चिखल तसाच असतो. पाणी घालणारा वरचा थर बघतो. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

पुढचं कपाशी पिकवलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लांब उघडीप पडल्यावर एकदम भरपूर पाणी मिळालं की ओल्या रानात कपाशी उभीच्या उभी मलूल होते. ही आकस्मिक मर कुठल्या रोगामुळे येत नाही, मुळांना हवा न मिळाल्याने येते. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेलं मूळ शेजारी पाणी असूनही उचलू शकत नाही. कुंडीत हेच होतं, पण सावकाश, आणि त्यात कुजवणाऱ्या बुरशीची भर पडते. झाड ओल्या मातीत माना टाकतं, बघणाऱ्याला ते तहानलेलं वाटतं, आणखी एक तांब्या पडतो. शेतात ज्याची वाट बघून पेरणी करता तो वाफसा कुंडीतही लागतो: ओल हवी, पण मातीत हवा खेळती हवी.

सगळ्यात आधी बाहेरची शोभेची कुंडी उचलून बघा

बऱ्याच घरांत झाड साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत असतं आणि ती कुंडी शोभेच्या, भोक नसलेल्या भांड्यात ठेवलेली असते. त्या भांड्यात तळाशी तीन-चार बोटं पाणी साठलेलं सापडलं, तर पुढचं काही वाचण्याआधी ते ओतून द्या. वास येत असेल तर मुळं कुजायला लागली आहेत. आतली कुंडी जाळीवर किंवा दोन उलट्या वाट्यांवर अर्धा दिवस निथळू द्या. केवळ एवढ्याने बरीच झाडं सावरतात.

पाणी हवं की नको, हे तपासायची पद्धत

बांबूची काडी (कबाबची किंवा चायनीज खायची) कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं राहू द्या आणि काढा. काडी ओली, काळपट, माती चिकटलेली आली तर पाणी नको. कोरडी आणि स्वच्छ आली तर द्या. बोट घालून बघायचं असेल तर दोन पेरं आत घाला. वरून हात फिरवून काही कळत नाही.

दुसरी खूण वजनाची. पाणी दिल्यावर कुंडी उचलून बघा, चार दिवसांनी पुन्हा उचला. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळे हाताला फरक जाणवतोच. आठवड्याभरात हात इतका तयार होतो की काडी लागत नाही.

दुकानात मिळणारं दोन दांड्यांचं ओलावा-मीटर मुलांनी आणलेलं असतं. त्यावर विसंबू नका. ते मातीतून वीज किती वाहते त्यावरून ओल ठरवतं, आणि क्षार साठलेल्या मातीत वीज जास्त वाहते. फिनिक्सच्या पाण्यात क्षार भरपूर असल्याने जुन्या कुंडीत काटा कोरड्या मातीलाही ओली दाखवू शकतो.

पाणी द्यायची वेळ आलीच, तर पोटभर द्या. सहा इंची कुंडीला तीनशे-चारशे मिलिलिटर, दहा इंचीला लिटर-दीड लिटर, खालच्या भोकातून निथळेपर्यंत, कडेने गोल फिरवत. पंधरा-वीस मिनिटांनी ताटलीतलं पाणी ओतून द्या. रोज सकाळी पूजेनंतर प्रत्येक कुंडीत अर्धा पेला ही पद्धत सर्वांत घातक: वरचा थर कायम ओला, खालचे क्षार कधीच धुतले जात नाहीत, आणि चिलटांची सोय होते. एसीतल्या घरात उन्हाळ्यात पीस लिलीला साधारण पाच ते सात दिवसांनी, मनी प्लांट आणि फिडल लीफला सात ते दहा दिवसांनी, स्नेक प्लांट आणि झीझीला तीन ते चार आठवड्यांनी पाणी लागतं. डिसेंबर-जानेवारीत दिवस दहा तासांवर येतो, तेव्हा ही अंतरं आणखी लांबतात. मात्र हे आकडे कॅलेंडरवर मांडायचे नाहीत, काडी कधी खुपसायची याचा अंदाज म्हणून वापरायचे.

उलटी अडचणही येते. पाणी ओतलं की दहा सेकंदांत खालून धो धो निघतं आणि कुंडी हलकीच राहते. तिथल्या कुंड्यांत आपली काळी माती नसते. पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) किंवा नारळाचा भुसा आणि पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) यांचं मिश्रण असतं. पीट पूर्ण वाळलं की आक्रसतं आणि पाणी झिडकारतं. पाणी कडेच्या फटीतून निसटतं, मुळांचा गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी टबात अर्ध्या उंचीपर्यंत पाण्यात पाऊण तास बुडवून ठेवा, खालून ओल वर चढू द्या, मग निथळवा.

पडदे: कोणाच्या लक्षात न येणारं कारण

खान्देशातल्या घरात उन्हाळ्यात अकराच्या सुमारास खिडक्या-पडदे बंद होतात आणि घर थंड राहतं. शहाणपणाची सवय आहे. आई-वडील तिथेही तेच करतात, मुलं ऑफिसात असतात, आणि दिवसभर घर अंधारात राहतं. मुलं पूर्वीइतकंच पाणी घालत असली, तरी आता ते जास्त होतं, कारण उजेड निम्म्याहून कमी झालेला असतो. पाणी कोणीच वाढवलेलं नसताना झाडं का बिघडली, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. पश्चिमेच्या खिडकीचे पडदे दुपारी जरूर ओढा, तिथलं ऊन काचेतूनही पान भाजतं. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या खिडक्या उघड्या ठेवा.

याच्या नेमकं उलट म्हणजे झाडाला ‘जरा ऊन दाखवायला’ बाहेर ठेवणं. घरात वाढलेल्या मॉन्स्टेराला फिनिक्सचं जूनचं ऊन एका दुपारीत भाजून काढतं. पानावर पांढरट, कागदासारखे डाग पडतात आणि ते भरून येत नाहीत. पान संपूर्ण वाळेपर्यंत तोडू नका, हिरवा भाग काम करत असतो.

एसीची झडपही बघा. तिथे गार हवा बहुधा छतातल्या जाळीतून येते. जाळीखालच्या झाडाची एकाच बाजूची पानं करपत असतील तर कुंडी पाच-सहा फूट सरकवा, एवढंच.

कडा करपतात: नळ कोणता वापरला?

कॅलाथिया, स्पायडर प्लांट, ड्रेसीना यांची टोकं तपकिरी पडतात आणि मातीवर, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो. चोपण जमीन पाहिलेल्यांना हा थर ओळखीचा वाटेल. फिनिक्सचं पाणी कोलोरॅडो, सॉल्ट आणि व्हर्दे या नद्यांचं. त्याचा कडकपणा, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, दर लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम.

या कडक पाण्यामुळे अनेक घरांत गॅरेजमध्ये पाणी मऊ करायचं यंत्र असतं. उंच टाकी आणि शेजारी मिठाच्या पिशव्या दिसल्या की ओळखा. ते यंत्र पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. आंघोळीला, भांड्यांना ते पाणी छान, कुंडीला वाईट. स्वयंपाकघराच्या सिंकवर एक छोटा वेगळा नळ असतो, तो बहुधा आरओचा. झाडांना तो वापरा. बाहेरच्या पाइपचं पाणी बहुतेक वेळा यंत्राच्या आधीचं, म्हणजे कडक पण सोडियम न मिसळलेलं असतं. मजबूत झाडांना ते आणि आरओ निम्मं-निम्मं चालतं. कुठला नळ कुठून येतो हे पहिल्याच दिवशी मुलांना विचारा आणि प्रत्येक नळावर चिकटपट्टी लावून लिहून टाका.

साठलेले क्षार धुवायचे तर कुंडीतल्या मातीच्या दुप्पट-तिप्पट आरओ पाणी हळूहळू सोडायचं. सहा इंची कुंडीत दीड-दोन लिटर माती असते, तिला तीन ते सहा लिटर. टबात, पंधरा-वीस मिनिटं घेऊन. मुळं कुजत असलेल्या झाडाला हे करू नका. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, नवी पानं स्वच्छ आली की उपाय लागू पडला असं समजा.

पानांवर पाणी फवारून हवेतली आर्द्रता वाढत नाही. त्या कोरड्या हवेत थेंब काही मिनिटांत उडतात, आणि कडक पाण्याचे पांढरे ठिपके मागे उरतात. कॅलाथिया आणि फर्न एकत्र, जवळजवळ ठेवा, शेजारी आर्द्रता वाढवणारं यंत्र असेल तर त्यात आरओचं पाणी घाला. ही दोन झाडं वाळवंटातल्या घरात कायम कुरकुरतात. तुमच्या हातून बिघडली असं मनाला लावून घेऊ नका.

चिलटं, लाल कोळी, पिठ्या ढेकूण

चिलटं ओल्या मातीत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, ताक, कांद्याच्या सालींचं पाणी, हे सगळं परसात उत्तम, पण बंद घरातल्या कुंडीत कुजतं आणि त्यावरच ही पैदास होते. पहिला उपाय म्हणजे ते सगळं थांबवून वरची चार-पाच सेंटिमीटर माती पूर्ण सुकू देणं. शेतात लावता तसेच पिवळे चिकट सापळे, छोट्या आकाराचे, कुंडीत खोचा. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवून दोन-तीन दिवसांनी उलटून बघा: खाली बारीक, पारदर्शक, काळ्या डोक्याच्या अळ्या असतील तर प्रादुर्भाव मातीत आहे. मग डासांच्या अळ्यांसाठीचं बीटीआय जिवाणूचं औषध पाकिटावरच्या मात्रेने पाण्यात भिजवून, पाणी द्यायची वेळ येईल तेव्हाच, द्या. पिढी तीन-चार आठवड्यांची असते, त्यामुळे महिनाभर सातत्य लागतं. प्रौढ चिलटं दिसेनाशी झाली म्हणून आठवड्यात सोडून दिलं की ती परत येतात.

लाल कोळी कोरड्या, उबदार हवेत फोफावतो. पानावर बारीक फिकट ठिपके, मागे जाळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालू लागले तर कोळीच. झाड न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू कोमट पाण्याच्या धारेने धुवा, दर तीन-चार दिवसांनी, निदान तीनदा. नंतर लिटरला ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिलि द्रव साबण, संध्याकाळी, आधी एका पानावर करून बघून. पिठ्या ढेकणाला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने लावून पुसा.

बुडखा मऊ झाला असेल तर

झाड कुंडीतून काढा, मुळं धुवा. पांढरी, घट्ट मुळं ठेवा. तपकिरी, हाताला सालपट सुटणारी मुळं अल्कोहोलने पुसलेल्या कात्रीने कापा. उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे आधीपेक्षा लहान कुंडी घ्या. कुंडीमातीचे दोन भाग आणि पर्लाइटचा एक. एकदा हलकं पाणी, मग माती सुकेपर्यंत काही नाही. चार-सहा आठवडे खत नको, आजारी मुळांना खत जाळतं. मनी प्लांट गेलाच तर गाठ असलेले वेलाचे तुकडे पाण्यात ठेवा, मुळं फुटतात. स्नेक प्लांटचं निरोगी पान आठ-दहा सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून दोन-तीन दिवस सुकवा आणि खालची बाजू खालीच ठेवून लावा, उलटं लावलेलं फुटत नाही. पिवळ्या काठाच्या जातीचा पानातून आलेला नवा कोंब साधा हिरवा येतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

आतलं मुलांचं, बाहेरचं तुमचं

हे भांडण मिटवणारी वाटणी आहे आणि आमचं मत ठाम आहे: आतल्या कुंड्यांचं पाणी मुलांकडे राहू द्या, मागच्या पडवीतल्या कुंड्या आई-वडिलांनी घ्याव्यात. बाहेर रोजच्या हाताची खरोखर गरज असते. तुळस, कढीपत्ता, मोगरा, कुंडीतलं लिंबू यांना जूनमध्ये रोज सकाळी पाणी लागतं, आणि ऑफिसच्या घाईत मुलांकडून नेमकं तेच चुकतं. दुपारच्या उन्हातून वाचवायला ३० ते ५० टक्क्यांचं शेडनेट बांधा. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की मुळं शिजतात. ती मोठ्या, फिक्या रंगाच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत सुका भुसा भरा.

सकाळी सातच्या आत पाणी द्या. दिवसा उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हात पोळेल इतकं गरम असतं, ते आधी बादलीत सोडा आणि नातवंडांना त्या धारेपासून लांब ठेवा. कुंडीखाली हात घालू नका, अनवाणी जाऊ नका. तिथला फिकट रंगाचा बार्क विंचू कुंडीखाली, विटांच्या फटीत बसतो. अतिनील प्रकाशाच्या छोट्या बॅटरीखाली तो रात्री हिरवट चमकतो. दंश झालाच तर विषबाधेसाठीचा देशभर चालणारा फोन १-८००-२२२-१२२२ आहे. लहान मुलाला दंश झाला किंवा श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल बिघडली तर थेट ९११, हा तातडीच्या मदतीचा क्रमांक.

तुळस घरात आणून खिडकीत ठेवायचा मोह होतो. उजेड पुरत नाही, ती लांबट आणि फिकी होते. तिला पूर्वेच्या पडवीतच ठेवा, फक्त डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांखाली जाईल तेव्हा आत घ्या. हळद-कुंकू मातीत न वाहता कुंडीच्या काठाला लावा.

मुलं आठवडाभर बाहेरगावी जाणार असतील तर प्रत्येक आतल्या कुंडीवर कागदी चिकटपट्टी लावून घ्या: झाडाचं नाव, शेवटचं पाणी कधी, कुठला नळ, किती मिलि. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः पाणी दिलेलं असेल, तर पीस लिली सोडता त्या आठवड्यात एकाही कुंडीला हात लावायची गरज पडत नाही. शंका आली तर काडीचा फोटो पाठवून विचारा, पण विचारण्याआधी पाणी घालू नका.

निघताना बॅगेत काय नको

तुळशीची रोपं, माती, बी-बियाणं, कढीपत्त्याची पानं, भरताची वांगी, मेहरूणची बोरं यातलं काहीही नेऊ नका. विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते, लपवलेली सापडली तर जप्तीबरोबर दंडही होतो. कळण्याचं पीठ, बिबड्या, केळीचे वेफर्स, दळलेला काळा मसाला बंद पाकिटांत, नाव लिहून न्या आणि खाद्यपदार्थ असल्याचं स्पष्ट सांगा. नुकतंच शेतात जाऊन आला असाल तर तेही जाहीर करायचं असतं. शेतातले जोडे घरीच ठेवा, नाहीतर तळवे घासून, धुऊन, वाळवून न्या. कढीपत्ता आणि मोगऱ्याची रोपं फिनिक्समधल्या रोपवाटिकांत मिळतात. उन्हाळ्याऐवजी मार्चच्या सुरुवातीला लावली तर कडक ऊन पडेपर्यंत मुळं धरतात.